प्रकरण सातवे : बांध कोठे फुटला?

साताऱ्याच्या वाटेवर खंबाटकीचा घाट चढत असताना तापमानाचा काटा तांबड्या रेघेला जाऊन भिडावा, बॉनेटच्या फटींतून वाफ निघू लागावी, गाडी कशीबशी रस्त्याच्या कडेला घ्यावी, आणि दुसऱ्या दिवशी गॅरेजातील मेस्त्रीने ऑइलच्या झाकणाखालून एक बोट फिरवून "साहेब, हेड गॅस्केट गेलं, हेड उतरवावं लागेल" असा निकाल द्यावा, हा प्रसंग ज्याच्यावर ओढवला आहे त्याच्या मनात उभा राहणारा प्रश्न अगदी साधा आणि न्याय्य असतो. जी वस्तू इंजिनच्या पोटात दोन धातूंच्या ठोकळ्यांमध्ये दडलेली आहे आणि इंजिन उघडल्यावाचून कोणाच्याही दृष्टीस पडत नाही, ती बिघडली हे याला बाहेरून कळले कसे? आणि त्याचे म्हणणे प्रमाण मानून मी हा खर्च पत्करावा काय?

खर्चाचा भाग येथेच स्पष्ट करतो. गॅस्केट ही वस्तू स्वतः फारशी महाग नसते. तिच्यापर्यंत पोचण्यासाठी जी उतरवाउतरव आणि पुन्हा जुळवाजुळव करावी लागते तिची मजुरी जबर असते, आणि एकदा हेड उतरले म्हणजे निदान खोटे ठरले तरी ती मजुरी परत मिळत नाही. म्हणून उघडण्यापूर्वीची चौकशी हीच या कामातील खरी विद्या होय असे मी मानतो.

१. तीन शेजारी आणि एक बांध

इंजिनचा खालचा ओतीव ठोकळा म्हणजे ब्लॉक. त्याच्या गोल पोकळ्यांतून, म्हणजे सिलिंडरांतून, पिस्टन खालीवर धावतात. त्या पोकळ्यांवर झाकण घालावे तसा वरून बसविलेला दुसरा ठोकळा म्हणजे हेड. झडपा आणि स्पार्क प्लग त्याच्यात असतात. दोन धातूंचे पृष्ठभाग कितीही घासूनपुसून सपाट केले तरी त्यांच्यामध्ये सूक्ष्म फटी राहतातच, आणि त्या बुजविण्यासाठी मध्ये जे सुमारे एक-दीड मिलिमीटर जाडीचे, जागोजागी भोके पाडलेले पान घालून वरून बोल्टांनी आवळतात, त्याला हेड गॅस्केट म्हणतात. पूर्वी ते तांब्याच्या पातळ पत्र्यांमध्ये ॲस्बेस्टॉस दाबून करीत. हल्ली बहुधा पोलादाचे तीन ते पाच पातळ पत्रे एकावर एक रचून करतात.

या पानाचे काम समजून घ्यायला शेताचा बांध डोळ्यांपुढे आणावा. एकाच शिवारात तीन शेजारी नांदत आहेत अशी कल्पना करा. पहिला अग्नी, जो सिलिंडरात भडकतो. दुसरे पाणी, म्हणजे कूलंट, जे इंजिन थंड राखण्यासाठी ब्लॉकमधून हेडमध्ये चढते. आणि तिसरे तेल, जे वरच्या भागांना वंगण पुरवून पुन्हा खाली उतरते. या तिघांचेही मार्ग त्याच एका सांध्यातून जातात, आणि एकाची हद्द दुसऱ्याच्या हद्दीपासून कोठे कोठे बोटभर अंतरावरदेखील नसते. ती हद्द राखणारा बांध म्हणजे गॅस्केट.

त्याच्यावर भार किती पडतो याचा एक हिशेब करून पाहू. सिलिंडरचा व्यास ७२ मिलिमीटर धरला तर त्याच्या तोंडाचे क्षेत्रफळ सुमारे ४१ चौरस सेंटिमीटर होते. पेट्रोल इंजिन पूर्ण जोर लावीत असता स्फोटाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला ६० किलोपर्यंत सहज जातो. म्हणजे प्रत्येक स्फोटाला हेड वर उचलण्यासाठी जवळजवळ अडीच टनांचा धक्का बसतो. आणि इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असले तर प्रत्येक सिलिंडरात असे धक्के सेकंदाला पंचवीस! एवढ्या माऱ्यापुढे ते पान वर्षानुवर्षे टिकते, यातच त्याच्या घडणीची थोरवी आहे.

२. बांध फुटण्याचे कारण

गॅस्केट आपल्या मर्जीने क्वचितच मरते. बहुधा त्याला तापवून मारलेले असते. हेड ॲल्युमिनियमचे आणि ब्लॉक बिडाचा अशी जोडी पुष्कळ इंजिनांत आढळते, आणि ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते. ४०० मिलिमीटर लांबीचे हेड ८० अंशांनी तापले तर ते सुमारे पाऊण मिलिमीटर वाढू पाहते, तर त्याच्याखालचा बिडाचा ब्लॉक जेमतेम ०.३५ मिलिमीटर वाढतो. हाताच्या नखाच्या जाडीएवढा हा फरक गॅस्केटला दर खेपेस आपल्या अंगावर सोसावा लागतो. नेमाने चालणाऱ्या इंजिनात तो हिशेबात धरलेला असतो. परंतु पाणी आटून हेड मर्यादेपलीकडे तापले म्हणजे बोल्टांनी जखडलेल्या ॲल्युमिनियमला पसरायला जागा उरत नाही, ते आतल्या आत चेपले जाते, आणि थंड झाल्यावर वाकडे होऊन बसते. मग बोल्टांची पकड एके ठिकाणी सैल पडते आणि तेथे अग्नीला वाट सापडते.

३. दाब कोणाचा, आणि केव्हा

एवढे एक तत्त्व ध्यानी धरले तर पुढील सर्व लक्षणे पाठ करण्याची गरजच पडत नाही: बांध फुटला म्हणजे पाणी उंच शेतातून सखल शेतात जाते, आणि येथे उंची म्हणजे दाब होय.

इंजिन चालू असताना अग्नीचा दाब सर्वांत मोठा असतो. तेलाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सामान्यतः तीन ते पाच किलो, आणि कूलंटचा, रेडिएटरच्या झाकणाने राखलेला, एक किलोच्या आसपास. म्हणून इंजिन चालू असता जळके वायू पाण्यात शिरतात, आणि दाबाखालचे तेलही पाण्यात शिरू शकते. पण इंजिन बंद केले की ही उतरंड क्षणात उलटी होते. अग्नी विझतो, तेलाचा पंप थांबतो आणि दोघांचाही दाब नाहीसा होतो. पाणी मात्र अजून तप्त असते, झाकणाखाली कोंडलेले असते, आणि पुढे पुष्कळ वेळ दाबाखालीच राहते. आता तेच उंच शेत! ते हळूहळू सिलिंडरात झिरपते, किंवा तेलात उतरते.

सकाळी पहिला सेल मारल्यावर इंजिन थरथरते, एका सिलिंडरात "मिसिंग" होते, पांढरा धूर येतो आणि मिनिटभराने सारे सुरळीत होते, या गूढाचा उलगडा एवढ्यानेच होतो: रात्रभरात चमचाभर पाणी सिलिंडरात उतरलेले असते. चमच्याऐवजी पेलाभर उतरले तर मात्र प्रकरण गंभीर होते, कारण पाणी दाबले जात नाही. वर येणारा पिस्टन त्याच्यावर आदळून कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. म्हणून संशय असलेल्या इंजिनला सेल अडल्यासारखा वाटला तर पुन्हा पुन्हा सेल मारू नये.

४. लक्षणे, आणि त्यांचे तोतये

कूलंट बाहेर कोठेही न ठिबकता दर आठवड्याला कमी होत जाणे, टाकीत अखंड बुडबुडे येणे, सायलेन्सरमधून निघणाऱ्या वाफेला गोडसर वास असणे, तेल दुधाळ होणे, चढावर गाडी तापणे, ही लक्षणे प्रसिद्ध आहेत. अडचण अशी की यांतील जवळजवळ प्रत्येक लक्षणाचे एक तोतया रूप असते, आणि गॅरेजातील पुष्कळशी चुकीची निदाने या तोतयांनीच घडविलेली असतात.

पांढरा धूर घ्या. पेट्रोल जळते तेव्हा त्यातील हायड्रोजनचे पाणी होते, हे आपण शाळेत शिकतो आणि विसरतो. एक लिटर पेट्रोल जळाले म्हणजे सुमारे लिटरभर पाणी तयार होते. थंडीच्या सकाळी सायलेन्सर गार असताना हे पाणी वाफेच्या रूपाने दिसते, त्याच्या तोंडातून थेंब थेंब गळतेही; आणि पाहणारा घाबरतो. ही वाफ निर्दोष होय. नळी पुरती तापल्यावर, दहापंधरा मिनिटांनीही, जी दाट पांढरी वाफ थांबत नाही तिचीच दखल घ्यावी. डिझेल गाडीत तीसुद्धा निर्णायक नव्हे, कारण सायलेन्सरकडे जाणाऱ्या वायूंचा काही भाग थंड करून परत इंजिनात पाठविणारा एक छोटा शीतक पुष्कळ डिझेल गाड्यांत असतो, आणि तो गळू लागला तरी पाणी कमी होणे व पांढरा धूर हे दोन्ही प्रकार दिसतात.

झाकणाखालच्या लोण्यासारख्या फिकट थरामुळे तर आजवर कित्येक निरपराध इंजिने उघडली गेली असतील. तेलात पाणी घुसळले गेले म्हणजे असा थर जमतो हे खरे. परंतु घर ते मंडई एवढ्याच फेऱ्या मारणाऱ्या गाडीत, इंजिन कधी पुरते तापतच नसल्यामुळे, आतल्या हवेतील बाष्प सर्वांत गार जागी, म्हणजे झाकणाखाली, जमते आणि तोच थर निर्माण करते. यासाठी झाकणाचा पुरावा न घेता डिपस्टिकचा घ्यावा. डिपस्टिकवरील तेल स्वच्छ आणि पातळी वाढलेली नाही, असे असेल तर धीर धरावा. संशय राहिलाच तर त्या तेलाचा एकच थेंब तापलेल्या तव्यावर टाकून पाहावा: आत पाणी असेल तर फोडणीत ओला कढीपत्ता पडल्यासारखी तडतड होते, नसेल तर तेल मुकाट्याने पसरते आणि धुरकटते. हा प्रयोग घराबाहेर, चेहरा दूर ठेवून, स्वयंपाकातून बाद केलेल्या तव्यावरच करावा.

तापण्याविषयी एवढेच सांगतो की अडकलेला थर्मोस्टॅट, न फिरणारा पंखा, गाळाने भरलेला रेडिएटर, पाझरणारा पाण्याचा पंप यांपैकी कोणीही तेच करू शकतो. आणि सर्वांत क्षुल्लक भासणारे रेडिएटरचे झाकण! ते एक किलोचा दाब धरून ठेवते तेव्हा साधे पाणीदेखील सुमारे १२० अंशांना उकळते. त्याची स्प्रिंग ढिली पडली की ते समुद्रसपाटीवर १०० अंशांना, आणि महाबळेश्वरच्या उंचीवर ९५ अंशांच्या आसपासच उकळू लागते. बांध शाबूत असतानाही मग गाडी घाटात उकळते. कूलंट कमी होत असेल तर पुढच्या आसनाखालची सतरंजीही चाचपून पाहावी. ती ओली आणि चिकट असली तर गुन्हा हीटरच्या नळीचा आहे.

५. चौकशीचा क्रम

क्रम असा ठेवावा की आधी फुकट, मग स्वस्त, मग कष्टाचे. आणि इंजिन उघडणे सर्वांत शेवटी. पहिली अट अशी की इंजिन पूर्णपणे थंड असावे. तप्त रेडिएटरचे झाकण उघडताच दाब नाहीसा होऊन आतले सारे पाणी एका क्षणात उकळते आणि तोंडावर उसळते. या घाईपायी भाजलेली माणसे मी पाहिली आहेत.

बिनखर्चाची तपासणी हातानेच होते. सकाळी, रात्रभर विसावलेले इंजिन चालू करून रेडिएटरची वरची रबरी नळी मुठीत धरावी. पाणी तापून फुगायला काही मिनिटे लागतात; तत्पूर्वीच, पाणी गार असताना, ती नळी मिनिटा-दोन मिनिटांत दगडासारखी कठीण झाली तर तो दाब उष्णतेचा नव्हे. तो सिलिंडरातून आला आहे.

दुसरी तपासणी हातपंपाची. रेडिएटरच्या तोंडाला गेज असलेला पंप बसवून झाकणावर लिहिलेल्या आकड्याइतकाच दाब भरावा आणि पंधरा मिनिटे काटा न्याहाळावा. काटा उतरला तर पाणी कोठून तरी निसटत आहे. बाहेर थेंब दिसला तर तेथेच चौकशी संपते. बाहेर सर्वत्र कोरडे असेल तर स्पार्क प्लग काढून, ठिणगी आणि पेट्रोल तोडून, दूर उभे राहून सेल मारावा. एखाद्या भोकातून पाण्याचा फवारा उडाला तर आणखी साक्षीची आवश्यकता बहुधा राहत नाही. काढलेले प्लग मात्र ओळीने मांडून अवश्य पाहावेत: ज्या सिलिंडरात दीर्घकाळ पाणी शिरत आहे त्याचा प्लग वाफेने धुतल्यामुळे इतरांहून संशयास्पद स्वच्छ असतो.

तिसरी तपासणी मला विशेष प्रिय आहे, कारण ती शाळेच्या प्रयोगशाळेची आठवण करून देते. चुन्याच्या निवळीत फुंकर मारली म्हणजे श्वासातील कार्बन डायऑक्साइडने ती दुधाळ होते, हा प्रयोग आपण सर्वांनी केलेला आहे. येथे निवळीऐवजी ब्रोमोथायमॉल ब्लू नावाच्या रंगद्रव्याचे निळे पाणी एका काचनळीत घेतात, ती नळी रेडिएटरच्या तोंडावर घट्ट बसवितात आणि इंजिन चालू ठेवून तेथली हवा रबरी फुग्याने त्या निळ्या पाण्यातून ओढतात. हवेत जळक्या वायूचा अंश असेल तर त्यातील कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळून सौम्य आम्ल होते आणि निळा रंग हिरवा होत होत पिवळा पडतो. कूलंट मात्र नळीत ओढले जाता कामा नये, नाहीतर परीक्षाच बिघडते. पिवळा रंग हा सबळ पुरावा आहे. निळा राहिलेला रंग हा निर्दोषत्वाचा दाखला नव्हे, कारण काही फटी केवळ चढावर, पूर्ण जोराखालीच उघडतात, आणि काही फटी पाण्याच्या हद्दीला स्पर्शच करीत नाहीत.

६. एक हिशेब

हे शेवटचे वाक्य मला ज्या गाडीने शिकविले ती माझ्या एका वयस्क शेजाऱ्यांची चार सिलिंडरांची जुनी पेट्रोल गाडी. घाटात ती तापली, आणि मेस्त्रीने झाकणाखालचा पांढरा थर दाखवून हेड उतरविण्यास सांगितले. त्यांची गाडी एरवी दोन किलोमीटरांपलीकडे जात नसे, म्हणून त्या थरावर माझा विश्वास बसेना. डिपस्टिकवरचे तेल स्वच्छ निघाले, दाब भरल्यावर काटा जागचा हलला नाही, निळे पाणी निळेच राहिले. मेस्त्रीचे निदान खोटे ठरले असे मी जवळजवळ बोलून गेलो होतो. पण घाटातल्या त्या दिवसापासून इंजिन मिसिंग करू लागले होते, आणि या एका तक्रारीला अजून उत्तर मिळाले नव्हते.

तेव्हा कॉम्प्रेशन मोजले. चारही प्लग काढून, पेट्रोल व ठिणगी तोडून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरून प्रत्येक सिलिंडरला गेज लावून सेल मारतात. पिस्टन हवा किती कोंडू शकतो ते काटा दाखवितो. आकडे, दर चौरस सेंटिमीटरला किलोंत, असे आले: पहिला १२.१, दुसरा ११.८, तिसरा ७.२, चौथा ७.०. चारही आकडे थोडेथोडे कमी असते तर ते इंजिनचे वय समजलो असतो. एकच कमी असता तर झडप किंवा पिस्टनच्या रिंगा यांच्यावर संशय गेला असता. शेजारचे दोन, तेही सारख्याच मानाने पडलेले, असे दिसले म्हणजे त्या दोघांमधली भिंत कोसळली असावी असा तर्क करावा.

तर्काला आधार म्हणून तिसऱ्या सिलिंडरात चमचाभर इंजिन ऑइल ओतून पुन्हा मोजले. रिंगा झिजल्या असत्या तर तेलाने फट बुजून आकडा बराच चढला असता, तो ७.२ वरून ७.४ वर जाऊन थांबला. मग तिसरा पिस्टन कोंडणीच्या अगदी वरच्या टोकाला आणून त्या सिलिंडरात कॉम्प्रेसरची हवा सोडली आणि कान दिला. ही परीक्षा केवळ ऐकण्याची आहे: फुसफुस सायलेन्सरमध्ये ऐकू आली तर बाहेर सोडणारी झडप, एअर फिल्टरकडे आली तर आत घेणारी झडप, ऑइलच्या तोंडाशी आली तर रिंगा, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे उठले तर गॅस्केट अथवा चिरलेले हेड. आमची हवा चौथ्या प्लगच्या भोकातून बाहेर आली, बोटाला गार लागेल इतकी स्पष्ट.

अग्नी पाण्याच्या शेतात गेलाच नव्हता. तो दुसऱ्या अग्नीच्या शेतात गेला होता. म्हणून पाणी कोठे कमी झाले नाही, रंग बदलला नाही. मेस्त्रीचा निकाल बरोबर होता, त्याने दिलेला पुरावा मात्र त्या निकालाचा नव्हता.

७. हेड उतरल्यावर

गॅस्केटवर तिसऱ्या आणि चौथ्या सिलिंडरांमधली अरुंद पट्टी जळून काळी पडलेली सापडली. येथून पुढचे काम लेथवाल्याचे. हेडच्या तळावर पोलादी सरळपट्टी आडवी, उभी आणि तिरपी ठेवून खालून फीलर गेजची पाती सरकवून पाहतात. लहान इंजिनात साधारणतः ०.०५ मिलिमीटरपलीकडे वाक चालत नाही, नेमका आकडा त्या गाडीच्या दुरुस्तीपुस्तिकेत दिलेला असतो. वाक अधिक असेल तर फेसिंग, म्हणजे तळ घासून सपाट, करून घ्यावे लागते, आणि हेडला चीर नाही ना हेही दाब भरून तपासावे लागते, कारण चीर आणि फुटलेले गॅस्केट यांची लक्षणे बाहेरून सारखीच दिसतात. बोल्ट आवळताना मध्यापासून कडांकडे, पुस्तिकेत दिलेल्या क्रमाने आणि टप्प्याटप्प्याने, टॉर्क पान्यानेच आवळावेत. ताणून बसविण्याच्या जातीचे बोल्ट असतील तर जुने पुन्हा वापरू नयेत. रेडिएटरमध्ये ओतून फट बुजविणारी औषधे बाजारात मिळतात, ती मी कोणालाही सुचवीत नाही, कारण ती फटीबरोबर रेडिएटरच्या बारीक नळ्याही बुजवितात.

बांध का फुटला, हा तपास मात्र नवे गॅस्केट बसविण्यापूर्वीच पुरा झाला पाहिजे. आमच्या गाडीत रेडिएटरचा विजेचा पंखा सुरू करणारा उष्णतेचा स्विच मेलेला निघाला. मंडईच्या फेऱ्यांत पंख्याची गरजच पडत नसल्याने तो केव्हा मेला हे कोणालाही कळले नव्हते. घाटात, दुसऱ्या गिअरमध्ये, समोरून वारा नसताना, ते कळले. तो स्विच बदलला नसता तर नवे गॅस्केटही त्याच घाटात जळाले असते.

काढलेले कूलंट उघड्या घमेल्यात ठेवू नये. त्यातील एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असते, आणि कुत्री-मांजरे ते चाटतात. नवे भरल्यावर इंजिन चालू करून, हीटर पूर्ण उघडून, आत अडकलेली हवा निघून जाऊ द्यावी, पंखा आपोआप सुरू होऊन बंद होतो हे दोनदा पाहावे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन गार असताना, टाकीतील पातळी पुन्हा रेघेशी ताडून पाहावी.